वरचा वेग आणि खालचा वेग

अमेरिकेत मिशिगन नावाचे सरोवर आहे. नावाचे सरोवर, पण एका काठावरून दुसरा काठ दिसत नाही. पाणी गोडे. 1966 साली तेथे कोहो जातीच्या सॅमन माशांची पिल्ले सोडली, 1967 साली चिनूक जातीची. मासे वाढले आणि गळ टाकणारांची तेथे रीघ लागली.

उन्हाळ्यात वरचे पाणी तापते. सॅमनला लागतो गारवा. म्हणून तो खोल जातो. चालत्या होडीमागचा साधा गळ तितका खाली राहत नाही. म्हणून डाउनरिगर नावाचे साधन वापरतात. होडीच्या कडेला एक छोटा रहाट. त्यावर तार. तारेच्या टोकाला 4-5 किलोंचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाची दोरी अडकवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते.

गळाला चकचकीत पत्र्याचे आमिष असते. ते बेताने ओढले तर माशासारखे वळवळते. फार हळू नेले तर नुसते लोंबते. फार जोरात नेले तर गरगर फिरते. म्हणून वेग सांभाळावा लागतो. साधारण ताशी 3 ते 5 किलोमीटर.

वेग कसा मोजायचा?

सोपी रीत बघा. होडीच्या पुढच्या टोकाशी लाकडाची ढलपी पाण्यात टाका. ती मागच्या टोकाशी यायला किती सेकंद लागले ते मोजा. होडी 6 मीटर लांब आहे आणि 6 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला 1 मीटर. म्हणजे ताशी 3.6 किलोमीटर.

होडीच्या तळाला छोटे चाक बसवूनही वेग मोजतात. ढलपी काय, चाक काय, दोन्ही वरच्या पाण्यातला वेग सांगतात. उपग्रहावरून चालणारे यंत्र मात्र जमिनीच्या हिशेबाने वेग सांगते. पाणी कुठे वाहते आहे, ते त्याला कळत नाही.

चूक कुठे होते?

वारा वरचे पाणी एकीकडे ढकलतो. खालचे पाणी दुसरीकडे वाहत असू शकते. आता हिशेब करू. यंत्र म्हणते, होडी ताशी 4 किलोमीटर चालली आहे. खोल पाणी ताशी 1 किलोमीटर उत्तरेला वाहते आहे. होडी उत्तरेला गेली, तर आमिषाचा पाण्यातला वेग 4 वजा 1, म्हणजे 3. होडी दक्षिणेला वळली, तर 4 अधिक 1, म्हणजे 5. यंत्रावरचा आकडा एकच, पण आमिषाची चाल वेगळी! म्हणून जाताना मासा लागतो आणि येताना गळ रिकामा येतो. तेल जळते, दिवस वाया जातो, आणि दोष दिला जातो नशिबाला.

मग करावे काय?

एक. आमिष खाली सोडण्याआधी होडीशेजारी ओढून त्याची चाल बघावी.

दोन. तारेचा तिरकसपणा बघावा. गोळा आणि तारेची लांबी तीच असेल, तर तार जितकी तिरकी, तितका खालचा वेग जास्त. मासा लागला तेव्हा तार किती तिरकी होती ते ध्यानात ठेवावे. परतताना तितकीच तिरकी राहील असे इंजिन चालवावे. तार तिरकी झाली की गोळा थोडा वर येतो, हेही विसरू नये.

तीन. चाकात शेवाळ अडकते. ते साफ करावे. मग वारा पडलेल्या दिवशी इंजिन एकसारखे ठेवून जाता-येता उपग्रहाच्या यंत्राचा आकडा लिहावा. जाताना 3.4 आणि येताना 4.6, तर दोहोंची सरासरी 4. चाकानेही 4 च्या आसपास दाखवले, तर चाक बरोबर.

चार. ऐपत असेल, तर गोळ्याजवळ बसवायचे यंत्र मिळते. ते खालच्या पाण्यातला वेग आणि गारवा, दोन्ही वर कळवते.

ही हकिगत दूरच्या सरोवराची. पण आपल्या खाडीच्या तोंडाशीही भरती-ओहोटीचा ओढा असतोच. तेथेही यंत्राचा आकडा जमिनीचाच असतो. आकडा वाचता येणे चांगले. तो आकडा कशाचा, हे विचारता येणे त्याहून चांगले.

सोडवा

1. होडी 8 मीटर लांब. ढलपीला 8 सेकंद लागले. ताशी वेग किती?

2. यंत्र 5 दाखवते. खोल पाणी होडीच्याच दिशेने ताशी 2 किलोमीटर वाहते. आमिषाचा वेग किती?