हिशोब कोरा दिसतोय? थांबा, लगेच फॉरमॅट मारू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत जे भराभर दाखवलं, ते इथे सावकाश लिहून देतोय. सेटिंग बदलताना व्हिडिओ सारखा मागे-पुढे करत बसणं जमत नाही.

भूमकडच्या एका खवा व्यापाऱ्यांनी बोलावलं होतं. आपल्या धाराशिवच्या लोकांना हा धंदा सांगायला नको. भट्ट्यांवरून खवा गोळा करायचा, वजन लिहायचं, माल बाहेर पाठवायचा आणि भट्टीवाल्यांचा हिशोब करायचा. कुणाची उचल, कुणाची बाकी. हे सगळं एका जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये, आणि दिवाळी तोंडावर.

झालं काय, तर सॉफ्टवेअरचं अपडेट टाकताना ‘ॲक्सेस इज डिनाइड’ येत होतं. दुकानातल्या पोराने कुठेतरी बघून आयकॉनवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, मग कंपॅटिबिलिटी, आणि ‘रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ला टिक मारली. अपडेट बसलं. प्रोग्राम उघडला तर दोन वर्षांचा हिशोब कोरा! पेनड्राइव्हवरचा बॅकअप लावला, तोही कोरा.

“सर, आता ज्याने त्याने सांगितलेली बाकी खरी मानायची का?” काकांनी विचारलं. पोरगा बिचारा कोपऱ्यात उभा.

हिशोब गेलेला नव्हता. आता नीट वाचा, कारण हे बऱ्याच कॉम्प्युटरवाल्यांनाही माहीत नसतं.

जुन्या काळी विंडोजमध्ये कुठलाही प्रोग्राम कुठेही लिहायचा. 2007 साली व्हिस्टा आली आणि तिच्यासोबत ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ नावाचा पहारेकरी आला. तुम्ही स्वतः ॲडमिनिस्ट्रेटर असलात, तरी तुम्ही उघडलेला प्रोग्राम साध्या माणसाच्या हक्काने चालतो, आणि साध्या माणसाला ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायला बंदी. पण जुनी सॉफ्टवेअर तर डेटा तिथेच लिहायची! ती एकदम बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक चोरवाट ठेवली. प्रोग्रामला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितोय, प्रत्यक्षात ती फाइल गुपचूप दुसरीकडे जाते. कुठे? सी ड्राइव्ह, यूझर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर. ॲपडेटा लपलेलं असतं, म्हणून व्ह्यूमध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगा.

प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की ही चोरवाट बंद. मग तो खऱ्या प्रोग्राम फाइल्समधली फाइल उघडतो, जी इन्स्टॉल केल्या दिवसापासून कोरीच पडलेली असते. बॅकअप कोरा का, तेही इथेच कळतं. दोन वर्षं ते प्रोग्राम फाइल्समधलंच फोल्डर कॉपी करत होते! शिवाय व्हर्च्युअलस्टोअर प्रत्येक यूझरचं वेगळं असतं. दुकानात मुलासाठी दुसरं लॉगिन काढलं आणि ‘त्याला माझी बिलं दिसत नाहीत’ अशी तक्रार आली, तर पहिला संशय यावरच घ्या. (नव्या, 64-बिट सॉफ्टवेअरला ही चोरवाट मिळत नाही. ते सरळ एरर देतं, आणि खरं तर तेच बरं.)

आम्ही सगळ्यात आधी व्हर्च्युअलस्टोअरमधलं फोल्डर जसंच्या तसं पेनड्राइव्हवर घेतलं. यात घाई करू नका, कॉपी हातात येईपर्यंत बाकी कशालाच हात लावायचा नाही. मग ती टिक काढली, प्रोग्राम उघडला आणि सगळी खाती परत दिसली. काकांनी आधी भट्टीवाल्यांची बाकी कागदावर उतरवून घेतली, मगच चहा सांगितला.

पण एवढ्यावर सोडलं असतं तर पुढच्या अपडेटला पुन्हा तोच खेळ. म्हणून डी ड्राइव्हवर ‘हिशोब’ नावाचं फोल्डर केलं, डेटा तिथे हलवला आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाचा पत्ता बदलला. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, एडिट, मग ‘यूझर्स’ला ‘मॉडिफाय’ची परवानगी. फक्त त्या एका फोल्डरला, अख्ख्या सी ड्राइव्हला नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा पत्ता बदलायची सोय नसेल, तर ज्याच्याकडून घेतलं त्यालाच बोलवा, स्वतः फाइली हलवू नका.

आता तो पोरगा पुढे काय करणार होता, तेही सांगतो. यूझर अकाउंट कंट्रोलची पट्टी तळाला ओढणार होता, म्हणजे ‘परवानगी द्यायची का’ हा प्रश्नच येणार नाही. तसं केलं की व्हॉट्सॲपवर ‘बिल’ म्हणून आलेली भलतीच फाइल तुम्ही उघडली, तरी तिला न विचारता पूर्ण हक्क मिळू शकतात. मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती, ते आठवत असेल. दुकानाचं शटर अडकतंय म्हणून कुणी शटर काढून ठेवत नाही.

असल्या खंडणीखोर प्रोग्रामसाठीच विंडोज 10 मध्ये 2017 च्या शेवटी ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आलं. ते मुळात बंद असतं, पण कुणी चालू करून ठेवलं असेल तर तुमचं बिलिंग डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करताना अडेल. विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा, अडवलेल्या प्रोग्रामचं नाव तिथे दिसतं. मग ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये जाऊन तेवढ्याच प्रोग्रामला मोकळीक द्या. सेटिंग चालूच राहू द्या.

जीएसटीचं रिटर्न डिजिटल सहीने भरताना ‘एमसायनर’ जोडलं जात नसेल, तर ते मात्र ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवायचं असतं. प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर काम भागतं, सहीच्या भानगडीत पडूच नका.

तुमच्याकडे जुनं सॉफ्टवेअर असेल तर आजच एक करा. पेनड्राइव्हवरच्या बॅकअपमधल्या डेटा फाइलची तारीख बघा. कालपर्यंत बिलं फाडली असतील आणि फाइलची तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर तुमचा बॅकअपही भूमच्या काकांसारखाच कोरा आहे.