वैमानिक हरदितसिंग मलिक

येडशीजवळच्या रामलिंगाच्या वनावर घिरट्या घालणारी घार पाहिली, की आपणही असेच उडावे, असे कोणत्या मुलाला वाटत नाही? पहिल्या महायुद्धात मोजक्या हिंदी तरुणांनी हे धाडस प्रत्यक्ष करून दाखविले. सरदार हरदितसिंग मलिक हे त्यांपैकी एक होत.

मलिकांचा जन्म २३ नोव्हेंबर १८९४ रोजी रावळपिंडी येथे झाला. चौदाव्या वर्षी ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले व पुढे ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात दाखल झाले. अभ्यासाइतकीच त्यांना क्रिकेटची गोडी होती. पोटासाठी नव्हे, तर केवळ खेळाच्या प्रेमाने खेळणाऱ्या या हौशी खेळाडूला १९१४ साली ससेक्सच्या संघात स्थान मिळाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युद्धाचा वणवा भडकला. मलिकांचे इंग्रज मित्र सैन्यात दाखल झाले. परंतु हिंदी माणसाला तेथे अधिकारपद देण्यास सरकार राजी नव्हते. ज्यांच्यासमवेत क्रीडांगणावर खेळावे, त्यांच्यासमवेत रणांगणावर जाण्यास मात्र मनाई! हा भेद मलिकांच्या मनाला बोचला. पण ते हात जोडून बसले नाहीत. फ्रान्समध्ये जाऊन ते रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले व जखमी सैनिकांची सेवा करू लागले.

पुढे फ्रेंच विमानदल त्यांना घेण्यास तयार झाले. हे कळताच त्यांच्या ऑक्सफर्डच्या गुरुजींनी सेनापती हेंडरसन यांना पत्र लिहिले. जो तरुण फ्रेंचांना चालतो, तो आपणांस का चालू नये? अखेर एप्रिल १९१७ मध्ये मलिक ब्रिटिश विमानदलात अधिकारी झाले. शीख धर्माचे चिन्ह असलेली पगडी त्यांनी उतरविली नाही. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम करवून घेतले.

त्या काळची विमाने लाकडाची व कापडाची असत. वैमानिकाजवळ हवाई छत्रीही नसे. २६ ऑक्टोबर १९१७ रोजी वादळी हवेत मलिक आपले नायक बार्कर यांच्याबरोबर शत्रूच्या विमानतळावर चालून गेले. तेथे जर्मन विमानांनी त्यांना घेरले. पायात गोळ्या घुसल्या, तरी मलिकांनी एक विमान पाडले आणि आपले जर्जर विमान स्वपक्षाच्या हद्दीत आणून उतरविले. त्या विमानावर चारशेहून अधिक गोळ्या लागल्या होत्या! पायातील दोन गोळ्या तर जन्मभर तशाच राहिल्या.

मलिक बचावले, पण मुंबईचे वेलिणकर आणि बंगालचे इंद्रलाल रॉय हे हिंदी वैमानिक १९१८ साली धारातीर्थी पडले.

युद्धानंतर, १९२१ मध्ये, जखमी पायाचा हा वीर पुन्हा ससेक्सकडून खेळला. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी कॅनडात भारताचे उच्चायुक्त व फ्रान्समध्ये राजदूत म्हणून काम केले. ३१ ऑक्टोबर १९८५ रोजी ते निवर्तले.

एक दार बंद झाले म्हणून मलिकांनी ध्येय सोडले नाही. आणि दार उघडले म्हणून आपली पगडीही सोडली नाही. त्यांच्या शौर्याइतकेच हे स्वत्वही आपण ध्यानी ठेवावे.

स्वाध्याय
१. मलिकांच्या मनाला कोणता भेद बोचला?
२. गुरुजींनी पत्र का लिहिले?
३. ‘हात जोडून बसणे’ व ‘धारातीर्थी पडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.