बंपरवरचे खड्डे क्रोमने बुजतात का?

प्रश्न : वडिलांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करतोय. बंपरवर गंजाचे खड्डे पडलेत. वरून नवीन क्रोम चढवलं की झाकले जातील ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : झाकले जाणार नाहीत, पण तुमचा बंपर वाचू शकतो. शोभेच्या क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनहूनही पातळ. तो खड्डा बुजवत नाही, उलट चकाकीत खड्डा अधिकच उठून दिसतो. गंज अडवतं ते मुख्यतः खालचं निकेल. म्हणून जुना मुलामा उतरवून, पत्रा घासून, तांब्याचा थर देऊन पॉलिश करून घ्या. मगच निकेल आणि क्रोम. नवा बंपर स्वस्त पडला, तरी वडिलांच्या गाडीचा मूळ पत्रा राखावा असंच मी म्हणेन. वरवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने हलकेच घासूनही निघतो. घरी क्रोमिंग मात्र मुळीच नको. त्यातल्या क्रोमिक आम्लाने कॅन्सरचा धोका असतो.