घटक ५ : प्रक्रियेचे वर्णन – कॅल्डेरातील उष्ण पाणी आणि खडकांचे परिवर्तन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• कॅल्डेरातील उष्ण पाण्यामुळे ज्वालामुखीय खडकांत होणारे बदल सांगता येतील;
• पाणी एका ठिकाणी खडक मऊ आणि दुसऱ्या ठिकाणी घट्ट का करते, हे स्पष्ट करता येईल;
• एखाद्या शास्त्रीय प्रक्रियेचे कार्यकारणभाव राखून मराठीत वर्णन करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, ‘खडक बदलला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही शास्त्रीय लेखनात ते अपुरे ठरते. खडक कशामुळे बदलला, त्यातून काय गेले, त्यात काय आले आणि हे कोणत्या परिस्थितीत घडले, हे त्यातून कळत नाही. या प्रश्नांची उत्तरे कशी मांडावीत, हे आपण अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून पाहू.

‘कॅल्डेरा’ हा मूळ स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ उकळण्याचे मोठे भांडे असा आहे. उसाचा रस आटवण्याची काहील आठवली, तर आकाराची कल्पना येते. महाउद्रेकात भूगर्भातील शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो, वरच्या खडकाचा आधार जातो आणि तो खचून विस्तीर्ण खळगा तयार होतो. यलोस्टोनचा सध्याचा कॅल्डेरा सुमारे ६,४०,००० वर्षांपूर्वी असा निर्माण झाला. तो सुमारे ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. पुढे लाव्ह्याच्या जाड थरांनी त्याचा बराच भाग भरून गेला.

५.३ पाण्याचा प्रवास

पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांतून खोलवर झिरपते. खाली अजूनही तप्त असलेल्या शिलारसाची उष्णता त्याला मिळते. नॉरिस या परिसरात संशोधनासाठी घेतलेल्या एका विंधन छिद्रात सुमारे ३३० मीटर खोलीवर २३७ अंश सेल्सिअस तापमान आढळले. पृष्ठभागावर, तेथील उंचीमुळे, पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते. मात्र खोलवर वरच्या पाण्याचा दाब असल्याने ते इतके तापूनही द्रवरूपच राहते.

असे पाणी खडकातील काही घटक विरघळवते आणि स्वतःबरोबर आणलेले काही घटक तेथे सोडते. खडकाच्या खनिजांत उष्ण पाण्यामुळे होणाऱ्या या देवाणघेवाणीला ‘जलतापीय परिवर्तन’ म्हणतात. येथे खडक वितळत नाही. त्याचे घटक बदलले जातात. यलोस्टोनमधील प्रमुख खडक रायोलाइट हा आहे. त्यात सिलिका, म्हणजे गारगोटीचे मुख्य द्रव्य, सत्तर टक्क्यांहून अधिक असते. त्यातील ज्वालामुखीय काच आणि फेल्डस्पार हे घटक अशा पाण्यापुढे फार काळ टिकत नाहीत.

५.४ मऊ करणारे पाणी

काही ठिकाणी खोलवरचे पाणी उकळते आणि वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड वायू वर येतो. पृष्ठभागाजवळ ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यापासून गंधकाम्ल बनते. हे आम्ल फेल्डस्पारमधील पोटॅशियम व सोडियम काढून नेते आणि मागे केओलिनसारखी चिकणमाती उरते. चिनी मातीच्या भांड्यांसाठी वापरतात ती हीच माती. यलोस्टोनमधील बुडबुडणारी चिखलकुंडे म्हणजे अशा रीतीने विघटित झालेला खडक होय.

यलोस्टोन नदीची प्रसिद्ध घळही याच विषयाचा धडा आहे. ९४ मीटर उंचीच्या खालच्या धबधब्याच्या माथ्यावरील रायोलाइट तुलनेने टणक आहे. त्यापुढील रायोलाइट उष्ण पाण्याने दुर्बळ झालेला आहे. नदीने दुर्बळ खडक वेगाने कोरला, टणक खडक मागे राहिला. घळीच्या भिंतींचे पिवळे-तांबूस रंग गंधकाचे असावेत असे पाहणाऱ्याला वाटते. ते मुख्यतः लोहाच्या ऑक्सिडीकरणातून आलेले आहेत.

५.५ घट्ट करणारे पाणी

गरम पाकात विरघळलेली साखर पाक निवताना खडीसाखर होऊन जमते. उष्ण पाण्यातील सिलिकाही पाणी वर येऊन निवताना अशीच साचते. पृष्ठभागावर तिचे पांढुरके थर बनतात. जमिनीखाली ती भेगा आणि छिद्रे भरते. खडक घट्ट होतो आणि पाण्याने स्वतःच शोधलेली वाट स्वतःच बंद होते.

येथे धोका निर्माण होतो. बंद झालेल्या भागाखाली अतितप्त पाणी दाबाखाली साठते. झाकण फुटले की दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि खडकांचे तुकडे उडतात. अशा स्फोटात नवा शिलारस बाहेर पडत नाही. २३ जुलै २०२४ रोजी बिस्किट बेसिन या भागात असाच स्फोट होऊन पर्यटकांच्या लाकडी वाटेची मोडतोड झाली; सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. यलोस्टोन सरोवराच्या काठचे मेरी बे हे विवर अशाच, मात्र कितीतरी मोठ्या, स्फोटाने सुमारे १३,००० वर्षांपूर्वी तयार झाले. त्याचा व्यास दोन किलोमीटरहून अधिक आहे.

५.६ भाषिक निरीक्षण

आता पुन्हा ‘खडक बदलला’ या वाक्याकडे पाहा. ‘आम्लयुक्त पाण्याने फेल्डस्पारमधील पोटॅशियम काढून नेले व चिकणमाती उरली’ आणि ‘निवणाऱ्या पाण्यातील सिलिकेने भेगा भरल्या’ ही त्याची दोन परस्परविरुद्ध रूपे आहेत. पहिल्यात जमीन खचण्याची शक्यता आहे, दुसऱ्यात स्फोटाची. कर्ता आणि साधन वगळले की हा भेदच नाहीसा होतो. म्हणून प्रक्रियावर्णनात नेमके क्रियापद निवडावे : विरघळणे, झिरपणे, साचणे, भरणे, उरणे.

आपल्या परिसरातही याचे सौम्य नाते आढळते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत पाण्यातून साचलेले झिओलाइटचे स्फटिक पुणे, नाशिक व जळगाव परिसरात सापडतात. तेथे यलोस्टोनसारखा कॅल्डेरा नाही. परंतु पाण्याने खडकात द्रव्य आणून ठेवण्याचे तत्त्व तेच आहे.

५.७ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. जलतापीय परिवर्तन आणि खडक वितळणे यांतील फरक दोन वाक्यांत लिहा.
२. पाण्याची वाट बंद होण्याचा स्फोटाशी असलेला संबंध क्रमाने स्पष्ट करा.
३. तुमच्या परिचयाच्या एखाद्या प्रक्रियेचे (उदा. गूळ तयार होणे) सुमारे १०० शब्दांत वर्णन करा. प्रत्येक वाक्यातील बदलाचे कारण अधोरेखित करा.