वल्हांडणाच्या पंगतीचे पाहुणे



पवित्र गुरुवारी पहिल्या वाचनात (निर्गम 12) आपण वल्हांडणाची हकिकत ऐकतो. हा सण मराठीतून पाळणारे यहुदी आपल्याच महाराष्ट्रात आहेत. हे कोकणातले बेने इस्राएल. पेणकर, केहिमकर अशी त्यांची आडनावे. 1948 नंतर त्यांची बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. त्या रात्री घरी वाचायचा ‘हग्गादा’ 1874 साली पुण्यात हिब्रू व मराठीत छापला गेला. त्यातल्या एका चित्रात भारतीय वेशातल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात.

त्या रात्री घरातले धाकटे मूल विचारते, ही रात्र वेगळी का? वडीलधारी सांगतात, आम्ही मिसरात दास होतो, परमेश्वराने सोडवले. कडू भाजी त्या दास्याची आठवण, बेखमीर भाकर घाईने निघाल्याची.

काही ठिकाणी ख्रिस्ती लोक हे जेवण स्वतः मांडून त्याला मिस्साची प्रस्तावना करतात. अमेरिकेतील बिशपांच्या उपासना समितीने 1988 साली हे चूक ठरवले. का? देवाने दिलेले पाचारण तो मागे घेत नाही (रोम. 11:29). तो सण आजही त्यांचा जिवंत सण आहे.

म्हणून बोलावणे आले तर आपण पाहुणे म्हणून जावे, पाव-केक नेऊ नये, शांतपणे ऐकावे. आणि येत्या पवित्र गुरुवारी आपल्या घरातल्या धाकट्याने विचारले, “आजची रात्र वेगळी का?” तर आपण काय सांगणार?