विचारलेल्या आठवणी : ‘अंडरग्राउंड’मधील स्मरणकथनाचे रूप

स्मरणकथनाचा विचार करताना समीक्षेचे लक्ष सहसा सांगणाऱ्याकडे असते, विचारणाऱ्याकडे नसते. सांगणाऱ्याची प्रांजळता, त्याची स्मरणशक्ती, त्याचा आत्मगौरव यांची चिकित्सा होते. परंतु काही आठवणी कोणी विचारल्यावाचून शब्दरूपाला आल्याच नसत्या. हारुकी मुराकामी यांचे १९९७ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झालेले ‘अंडरग्राउंड’ हे अशा विचारलेल्या आठवणींचे पुस्तक आहे. कादंबरीकार म्हणून ख्याती पावलेल्या लेखकाने स्वतःची कल्पनाशक्ती बाजूला ठेवून इतरांचे बोलणे ऐकावे आणि तेच ग्रंथरूपाने मांडावे, यातून स्मरणकथनाचे कोणते रूप सिद्ध होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२० मार्च १९९५ रोजी, सोमवारी सकाळी आठच्या सुमारास, टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या तीन मार्गांवरील पाच गाड्यांत ओम शिनरिक्यो या पंथाच्या पाच अनुयायांनी सारिन हे विषारी द्रव्य सोडले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या डब्यात खाली ठेवायच्या आणि छत्रीच्या घासून अणकुचीदार केलेल्या टोकाने त्यांना भोके पाडायची, एवढीच ती कृती. पाचही गाड्या कासुमिगासेकी या सरकारी कचेऱ्यांच्या परिसरातील स्थानकाकडे जाणाऱ्या होत्या. हजारो माणसांना विषबाधा झाली. हल्लेखोर परदेशातून आलेले नव्हते. त्याच समाजात वाढलेले, उच्चविद्याविभूषित असे हे तरुण होते. त्यांच्यात हृदयशस्त्रक्रिया करणारा एक डॉक्टर होता, भौतिकशास्त्राचे पदवीधर होते. ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी येथे उपयोगी पडत नाही. या घटनेच्या आठवणींचा पेच तेथूनच सुरू होतो.

मुराकामी या विषयाकडे वळले ते एका पत्रामुळे. एका मासिकात त्यांनी एका स्त्रीचे पत्र वाचले. तिचा पती त्या दिवशी गाडीत होता. प्रकृती पूर्ववत न झाल्याने त्याच्या हातून पहिल्यासारखे काम होईना. सुरुवातीची सहानुभूती ओसरल्यावर कचेरीतील मंडळी टोमणे मारू लागली आणि अखेर त्याला नोकरी सोडावी लागली. विषाने एकदा आणि भोवतालच्या माणसांनी दुसऱ्यांदा, असा हा दुहेरी आघात होता. दुसऱ्या आघाताला वृत्तपत्रांत मथळा नसतो. १९९६ या वर्षभरात मुराकामींनी सुमारे साठ जणांच्या मुलाखती घेतल्या, त्या ध्वनिमुद्रित केल्या, लिहून काढल्या आणि सांगणाऱ्यांना वाचावयास दिल्या. नको तो मजकूर गाळण्याची, बदलण्याची मुभा त्यांना होती.

या कथनांचा आरंभ लक्षणीय आहे. ती स्फोटक क्षणापासून सुरू होत नाहीत. सांगणारा कोठे जन्मला, काय शिकला, कोणत्या कंपनीत कोणते काम करतो, सकाळी किती वाजता उठतो, गाडीच्या कोणत्या डब्यात आणि का बसतो, हे सारे आधी येते. घाईत असलेल्या वाचकाला हा भाग पाल्हाळिक वाटण्याचा संभव आहे, परंतु पुस्तकाचा खरा प्राण त्यातच आहे. वृत्तपत्रांतील ‘प्रवासी’ या एका शब्दात जी माणसे विरून गेली होती, त्यांना येथे व्यवसाय, घर, सवयी परत मिळतात. आणि हल्ला हा त्यांच्या आयुष्याचा आरंभबिंदू न राहता मध्येच घडलेली एक गोष्ट ठरतो. घटनेची सूत्रे कथनापुरती तरी हल्लेखोरांच्या हातून निसटतात.

सवयीचा हा तपशील पुढे भयाचेही वाहन होतो. अनेकांना डोळ्यांसमोर अंधारल्यासारखे झाले. बाहेर स्वच्छ ऊन असताना त्यांना आभाळ भरून आले आहे असे वाटले, कारण सारिनने डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावल्या होत्या. हे कारण त्यांना नंतर कळले. त्या वेळी त्यांनी सर्दी, अपुरी झोप, अशक्तपणा अशी घरगुती कारणे शोधली आणि कित्येकजण तसेच धडपडत कचेरीत गेले. एका साक्षीदाराला आठवते ते असे की, रस्त्याच्या एका बाजूला माणसे जमिनीवर तळमळत पडली होती आणि समोरच्या बाजूने नोकरदारांची रांग नेहमीप्रमाणे कामावर चालली होती. त्यावर तो भाष्य करीत नाही. ते दृश्य सांगताना लेखकानेही उद्गारचिन्ह वापरले नाही, हा त्याचा संयम म्हटला पाहिजे.

येथे काळाचा एक गुंता आहे. सांगणाऱ्यांना मुलाखतीच्या वेळी ‘सारिन’ हा शब्द ठाऊक आहे. त्या सकाळी ठाऊक नव्हता. मागाहून आलेले ज्ञान आठवणीत नकळत मिसळते. एकाच डब्यातील दोघांच्या सांगण्यात मेळ बसत नाही. मुराकामी हा विसंवाद न्यायालयासारखा तपासत बसत नाहीत. सांगणाऱ्याला ते जसे जाणवले तसे राहू देतात. इतिहासकाराला हे रुचणार नाही. परंतु स्मरणकथनाची सत्यता घटनाक्रमाच्या अचूकतेत जितकी असते, तितकीच विसंगतीतही असते.

मराठी वाचकाला या ठिकाणी ‘माझा प्रवास’ आठवल्याखेरीज राहणार नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८५७–५८ मधील आपले अनुभव, झाशीतील कत्तलीसह, सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिले. वैद्यांनी त्यात फेरफार करून ते १९०७ साली प्रसिद्ध केले आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांपुढे ठेवली. दोन्ही घटनांचे स्वरूप सर्वस्वी भिन्न आहे. साम्य आहे ते विचारणाऱ्याच्या हाताचे. सामान्य माणसाची आठवण ग्रंथात येते ती दुसऱ्या कोणाच्या तरी संपादनातून. फरक असा की मुराकामींच्या पद्धतीत फेरफाराचा अधिकार सांगणाऱ्यालाही मिळाला.

तरीही एक आक्षेप घ्यावा लागतो. मुलाखतींतील प्रश्न या पुस्तकात दिसत नाहीत. प्रत्येकाची थोडक्यात ओळख करून दिल्यावर अखंड स्वगत सुरू होते. त्यामुळे विचारलेली आठवण उत्स्फूर्त भासते आणि निरनिराळ्या माणसांच्या बोलण्याला एकच शांत लय येते. याउलट १९९८ च्या दुसऱ्या पुस्तकात मुराकामी पंथाच्या आजी-माजी अनुयायांशी बोलतात, तेव्हा मात्र त्यांचे प्रश्न, शंका, हरकती छापलेल्या आहेत. पीडितांसमोर लेखक अदृश्य होतो आणि अनुयायांसमोर प्रकट होतो, हा भेद सहज घडलेला नाही. पीडितांशी वाद घालणे अशिष्ट ठरले असते हे खरे. पण त्यांना काय विचारले गेले, हे कळण्याचा वाचकाचा मार्ग त्यामुळे बंद झाला. २००० साली निघालेल्या इंग्रजी अनुवादात दोन्ही पुस्तके एकत्र आली, परंतु पहिल्यातील अनेक कथने गाळली गेली. बहुसंख्य भारतीय वाचकांपुढे आहे ती ही संक्षिप्त संहिता.

या पद्धतीची कसोटी एका प्रकरणात लागते. त्या हल्ल्यात मेंदूला कायमची इजा झालेली एक तरुणी रुग्णालयात आहे. तिला त्या दिवसाचे काही आठवत नाही आणि बोलणेही मोजक्या, अस्पष्ट अक्षरांपलीकडे जात नाही. तिची हकीकत तिचा भाऊ सांगतो. येथे स्वगत शक्य नाही. म्हणून मुराकामी प्रथमच स्वतः निवेदक होतात, तिच्या खोलीत जातात, तिचे तुटक शब्द जसे ऐकू आले तसे लिहितात. ते तिला आपला हात धरावयास सांगतात आणि ती तो धरते, अपेक्षेहून कितीतरी घट्ट. ध्वनिफितीवर न उतरणारी ही गोष्ट लेखकाला वर्णन करूनच सांगावी लागते.

पंथप्रमुख शोको असाहारा आणि त्याच्या बारा साथीदारांना जुलै २०१८ मध्ये फाशी देण्यात आली. कासुमिगासेकी स्थानकात दर २० मार्चला सकाळी आठ वाजता कर्मचारी मौन पाळतात. ती स्त्री पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळून राहिली आणि मार्च २०२० मध्ये मरण पावली. त्या हल्ल्यातील मृतांची संख्या त्यामुळे चौदा झाली. पुस्तकाच्या पानांवर ती अजून त्या खोलीत आहे, आणि तिचा भाऊ कामावरून सुटल्यावर तिला भेटावयास येत आहे.