मृगाच्या आधी भरायची कोठी

पोरी, एटापल्लीकडच्या आश्रमशाळेत संगणक शिकवायला निघालीस. छत्री, मच्छरदाणी, तापाच्या गोळ्या यांची यादी तुझी आई करेल. मी बोलतो त्या लॅबमधल्या वीस यंत्रांबद्दल. तिकडे नेट म्हणजे लांबचा पाहुणा, येतो म्हणतो आणि येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरची पॅकेजं आपल्याच एका संगणकावर साठवून बाकीच्यांना तिथूनच द्यायची. पुस्तकात त्याला लोकल रिपॉझिटरी म्हणतात, मी कोठी म्हणतो. उबुंटूवाले पूर्वी फुकट सीड्या पोस्टाने पाठवायचे, तेव्हा मी चंद्रपुरात पोस्टमनची वाट पाहत बसायचो. २०११ साली ते बंद झालं आणि मला कोठी भरायला शिकावं लागलं. नेहमीच्या चुका मी करून ठेवल्या आहेत, तुला नव्या शोधाव्या लागतील.

१. आधी यंत्रं मोज, मग डिस्क विकत घे — कोणतं ३२-बिट, कोणतं ६४-बिट ते प्रत्येकावर चिठ्ठी लावून लिही. आपण यंत्रांवर टाकणार त्या डेबियन लिनक्सच्या २०२५ साली आलेल्या तेराव्या आवृत्तीने ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलंय, आणि शाळांना दान मिळालेली यंत्रं बहुधा आजोबांच्या वयाचीच असतात.

२. जमेल तिथे सगळ्यांवर एकच आवृत्ती ठेव — बाराचं पॅकेज तेरावर चालेलच असं नाही. दोन आवृत्त्या म्हणजे दोन कोठ्या, आणि पाठ दुखणार ती तुझी.

३. सगळं डेबियन उचलून आणायचा मोह धरू नको — बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, तुझ्या मुलांना लिबरऑफिस, जीकॉम्प्रिस, टक्स पेंट, देवनागरी फॉन्ट आणि थोडं इकडचं तिकडचं पुरेल. लिबरऑफिसचा मराठी भाषेचा पॅक वेगळा असतो, तो मी एकदा विसरलो आणि पोट्ट्यांनी वर्षभर 'फाइल', 'एडिट', 'व्ह्यू' पाढ्यासारखं म्हटलं.

४. पॅकेजं उतरवायची ती नुकतंच डेबियन टाकलेल्या, कोऱ्या यंत्रावर. हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेव. मी घरच्या संगणकावर 'डाउनलोड-ओन्ली' म्हणून सगळं गोळा केलं, पेनड्राइव्ह खिशात घातला, दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करत पोहोचलो. तिथे एकही गोष्ट धड बसेना — प्रत्येक पॅकेज दहा दुसऱ्या पॅकेजांवर टेकलेलं असतं, आणि जी माझ्या यंत्रावर आधीच होती ती ॲप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेजं आणणाऱ्या प्रोग्रामने, पुन्हा उतरवलीच नव्हती. धान आणलं, मीठ विसरलं. दुसऱ्या दिवशी तीच एसटी, तीच हाडं.

५. 'ॲप्ट'ने नको, 'ॲप्ट-गेट'ने उतरव — नुसतं 'ॲप्ट' पॅकेज बसवून झालं की उतरवलेली फाइल पुसून टाकतं, 'ॲप्ट-गेट' ती कॅशच्या फोल्डरात राहू देतं. दोघं भाऊच, पण धाकटा फारच टापटिपीचा.

६. थोडंफार नेट असेल तर सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसव आणि बाकीच्या यंत्रांना त्याचं ३१४२ क्रमांकाचं दार दाखव — पहिल्या यंत्राने जे मागवलं ते फडताळात राहतं, उरलेल्या एकोणीस जणांना घरातूनच मिळतं.

७. कोठी 'एसआरव्ही' फोल्डरात थाट, स्वतःच्या होम फोल्डरात नको — ॲप्ट फाइली घेताना अंगावरचे अधिकार काढून साध्या वापरकर्त्याच्या वेशात फिरतं, आणि त्याला तुझ्या घरात शिरता येत नाही. फोल्डरच्या नावात मोकळी जागा सोडू नको. का ते विचारू नको, माझा एक रविवार गेलाय.

८. नवी फाइल टाकलीस की यादी नव्याने बनव — डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस हा प्रोग्राम प्रत्येक फाइलचं नाव, आवृत्ती, आकार आणि ठसा 'पॅकेजेस' नावाच्या यादीत लिहितो. यादीत नाही ते ॲप्टच्या लेखी जगातच नाही. कोठी भरली पण वही कोरी, तर उंदीर कारभारी.

९. त्याच नावाची, त्याच आवृत्तीची फाइल गुपचूप बदलू नको — यादीतला ठसा जुना, फाइल नवी, मग 'हॅश सम मिसमॅच' म्हणून वीसही यंत्रं एका सुरात रडतात.

१०. यादीवर सही कर. सोर्सेस-लिस्टमध्ये 'ट्रस्टेड = येस' लिहून सही टाळता येते आणि पहिल्या दिवशी मीही तेच केलं, पण कुलूप काढून ठेवलेल्या घराला दार कशाला म्हणायचं? जीपीजीची किल्ली बनव, तिचा उघडा भाग प्रत्येक यंत्रावर ठेव, आणि गुप्त भागाची एक प्रत पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात — किल्लीच हरवली तर वीस यंत्रांना नव्याने ओळख करून देत फिरावं लागेल.

११. किल्ली काम करेना तर आधी घड्याळ बघ — जुन्या यंत्रांचा मदरबोर्डवरचा बटण-सेल मेला की ती सकाळी उठून २००९ साल सांगतात, आणि 'ही सही अजून झालेलीच नाही' म्हणून ॲप्ट अडून बसतं. सीआर २०३२ नावाचे दहा सेल चंद्रपुरातूनच घेऊन जा. मी तीन दिवस किल्ल्या बदलत होतो, बदलायचा होता सेल.

१२. सर्व्हरला पक्का आयपी पत्ता दे आणि त्यावर एन्जिनेक्स हा वेब सर्व्हर बसव — पायथनचा छोटा सर्व्हर एका दुपारपुरता बरा, पण खिडकी बंद केली की तोही झोपतो.

१३. वीस यंत्रांना हात लावण्याआधी एकाला लाव — चूक एकट्याने भेटली तर ओळखीची वाटते.

१४. आता खरं ते. मृग लागायच्या आत कोठी भरून झालीच पाहिजे. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, हे त्या बाजूला शाळेच्या पोरालाही ठाऊक असतं. तुझ्या गावाआडही एखादा नाला असेलच. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरक्षेचे सगळे अपडेट घेऊन जा, दुसरी खेप दिवाळीत — पूर विचारून येत नाही, नेट सांगून जात नाही. यात एक खोच आहे. डेबियनची सुरक्षेची यादी जशीच्या तशी उतरवून ठेवलीस तर तिच्यावर मुदत लिहिलेली असते, काही दिवसांचीच, आणि श्रावणात ॲप्ट म्हणेल, 'माल शिळा आहे.' तेव्हा घाबरू नको, सोर्सेस-लिस्टच्या त्या एका ओळीपुरती मुदतीची तपासणी बंद कर, सगळ्या यंत्राची नाही — माल शिळा झालाय तो पावसाने, चोराने नाही, एवढं तुला माहीत आहे. पण इतर ओळींची हमी तू का द्यावीस?

१५. दोन डिस्क ठेव, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि कॉपी झाली की एसएचए-२५६चे ठसे जुळवून बघ — स्वस्त पेनड्राइव्ह 'झालं' म्हणतो तेव्हा त्याचं निम्मंच झालेलं असतं.

१६. डिस्क गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नको — चंद्रपूरचा मे ४५ अंशांच्या वर जातो, त्यात लोणच्याची बरणी ठेवावी, डिस्क नाही.

१७. काय आणलं, कुठून आणलं, कोणत्या तारखेला, हे कागदाच्या वहीत लिही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या म्हणून त्यांचं बी निराळं ठेवलं, निराळं पेरलं, आणि पुढे एचएमटी तांदूळ झाला. तुझ्या कोठीतही बाहेरून आलेलं, स्वतः बनवलेलं आणि अजून न तपासलेलं असे तीन फोल्डर असू देत — एकदा मिसळलं की धान निवडता येतं, पॅकेजं निवडताना डोळे जातात.

१८. सर्व्हरच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिही: 'बंद करू नये, कोठी आहे.' — पहिल्याच आठवड्यात कुणीतरी मोबाइल चार्ज करायला त्याचाच प्लग काढेल. माझ्याकडे तो मीच काढला होता.

१९. दिवाळीत येताना रिकामी डिस्क घेऊन ये, मी इथे रात्रभर भरून ठेवतो. तिची केबल मात्र आठवणीने आण — मागच्या वेळी तुझ्या मामीने माझ्या सगळ्या जुन्या वायरी भंगारवाल्याला दिल्या, आणि तो विषय आमच्याकडे अजून काढायचा नसतो.